‘तिरकिट’नंतरचा धा : अडलेल्या रियाजाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या अभ्यासातील विद्यार्थिनी तिशी ओलांडलेली, डोंबिवलीत राहणारी आणि रोज लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणारी आहे; ओळख पटेल असे बाकीचे तपशील येथे गाळले आहेत. शाळेच्या वयात तिने तबल्याच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. पुढे शिक्षण, नोकरी आणि संसार यांत वादन सुटले, आणि काही वर्षांनी तिने ते मोठ्या जिद्दीने पुन्हा हाती घेतले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा प्रथम ही परीक्षा देऊन ती मध्यमा पूर्णची तयारी करत होती आणि वर्षअखेरच्या सत्रात परीक्षेला बसण्याचा तिचा विचार होता.

पावसाळा सुरू होत असताना तिने वर्गात माझ्याजवळ आपली अडचण मांडली. तीनतालातला (सोळा मात्रांच्या तालातला) दिल्ली बाजाचा, म्हणजे दिल्लीच्या वादनशैलीचा, एक कायदा (ठरावीक बोलांची, विस्तार करता येणारी रचना) मिनिटाला ८० मात्रांच्या लयीपर्यंत तिच्या हातून बरा निघत असे. त्यापुढे लय जरा चढवली की बोल एकमेकांत मिसळत, आणि ९० च्या आसपास कायदा पार फाटत असे. “सर, रविवारी तीन-तीन तास बसते, पण हात पुढे सरकतच नाही,” असे तिचे शब्द होते. तिने कारणही स्वतःच ठरवून टाकले होते. वय वाढले, उजव्या हातात आता ताकद राहिली नाही, तेव्हा उजव्या हातासाठी काही जोरकस पलटे (बोल फिरवून केलेली त्यांची वेगवेगळी रूपे) द्यावेत, अशी तिची मागणी होती.

प्रौढ वयात वाद्य शिकणाऱ्यांकडून अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिच्यावर बहुधा एकच उपाय सांगितला जातो : रियाजाचा वेळ वाढवा. या विद्यार्थिनीचा वेळ वाढवला नाही, उलट आठवड्याचा एकूण वेळ किंचित कमीच झाला, आणि तरीही कायद्यातली अडचण सुटली. ती कशी सुटली आणि त्यात काय सुटले नाही, हे नोंदवणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोष कुठे होता

कायदा तबल्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे :

धाति धागे नधा तिरकिट । धाति धागे तिना किना
ताति ताके नता तिरकिट । धाति धागे धिना गिना

एका मात्रेत दोन अक्षरे, आणि ‘तिरकिट’ आले की चार. आमच्या पद्धतीत ‘ति’ मधल्या बोटाने आणि अनामिकेने शाईवर (तबल्याच्या मधल्या काळ्या भागावर), ‘र’ तर्जनीने, ‘कि’ डाव्या हाताच्या सपाट पंजाने डग्ग्यावर (जोडीतल्या डाव्या वाद्यावर) आणि ‘ट’ पुन्हा मधल्या बोटाने व अनामिकेने वाजतो. त्याच्या पाठोपाठ ‘धा’ येतो, म्हणजे उजवी तर्जनी चाटेवर (तबल्याच्या काठावर) आणि त्याच क्षणी डग्ग्यावर खुला, घुमारेदार ‘गे’. एका आवर्तनात (तालाच्या एका पूर्ण फेरीत) ही जागा दोनदा येते, एकदा भरीच्या (डग्गा खुला वाजणाऱ्या) भागात आणि एकदा खालीनंतर (डग्गा बंद असलेल्या भागानंतर) भरीकडे परतताना.

पहिल्याच दिवशी ऐकताना लक्षात आले ते असे की कायदा फाटण्याच्या बराच आधी, ७० च्या लयीतसुद्धा, तिच्या ‘तिरकिट’नंतरचा ‘धा’ हा ‘धा’ नसून ‘ता’ वाजत होता. चाटेचा नाद स्वच्छ होता, डग्गा मात्र जवळजवळ मुका होता. तिला तो ऐकू येत नव्हता, कारण मनात बोल ‘धा’ असा चालू होता आणि माणूस वाजवताना पुष्कळदा मनातलेच ऐकतो.

हा दोष हाताचा की वाद्याचा, हे आधी पाहणे भाग होते. पावसाळी हवेत चामडे ओल धरते, डग्ग्याची पुडी (वर ताणलेले चामडे) उतरते आणि घुमारा बसका होतो. त्या दिवसांत निम्म्या विद्यार्थ्यांचे डग्गे असे बसलेलेच असतात. म्हणून तिला वर्गातल्या चढवून ठेवलेल्या डग्ग्यावर तोच कायदा वाजवायला सांगितला. इतरत्र डग्गा छान बोलला, ‘तिरकिट’नंतर मात्र तसाच मुका राहिला. वाद्याचा प्रश्न तेथेच निकालात निघाला.

मग मी कायद्याची पढंत केली, म्हणजे बोल तोंडाने म्हटले, आणि तिला उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डाव्या हाताचे बोल वाजवायला सांगितले, शिवाय मोबाईलवर संथ गतीचे चित्रण घेतले. त्यात सारे स्पष्ट दिसले. ‘कि’ वाजवून डावा पंजा पुडीवर सपाट पडून राहत होता. ‘ट’ वाजत असताना त्या पंजाची बोटे उचलली जायला हवीत, मनगटाचा तळ तेवढा पुडीवर टेकलेला राहायला हवा. तिची बोटे मात्र ‘धा’ची वेळ झाल्यावर उचलायला सुरुवात होत होती. ६० च्या लयीत ‘कि’पासून ‘धा’पर्यंत अर्धा सेकंद मिळतो, त्यामुळे उशिरा उचललेला हातही कसाबसा पोहोचतो. १२० च्या लयीत तोच अवकाश पाव सेकंदावर येतो. तेथे उशिरा उचललेला हात पोहोचू शकत नाही, डावा हात मागे पडला की उजवा त्याच्यासाठी थांबतो, लय डगमगते आणि कायदा फाटतो. ज्या उजव्या हाताला ती दोष देत होती तो बिचारा निर्दोष होता.

यात बसण्याचाही थोडा भाग होता. तिच्या डग्ग्याखालची चुंबळ जुनी आणि दबलेली असल्याने डग्गा पुढच्या बाजूला कलत होता आणि मनगटाला नीट टेकू मिळत नव्हता. चुंबळ बदलल्यावर हात मोकळा झाला. अशा बारीकसारीक गोष्टींकडे आपण फार दुर्लक्ष करतो.

घरचा रियाज

दोष सापडला, पण तो इतके महिने टिकला कसा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. त्यासाठी तिने घरच्या रियाजाची ध्वनिमुद्रणे आणावीत, आणि ती सजवलेली नसावीत, नेहमी जसे वाजवते तशीच असावीत, असे ठरले. आठवडाभराची मुद्रणे ऐकल्यावर तीन सवयी समोर आल्या.

पहिली सवय टॉवेलची. कामाच्या दिवशी घरी पोहोचून, स्वयंपाक आवरून, रात्री साडेनऊनंतर ती वाद्यापुढे बसत असे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून डग्ग्यावर दुमडलेला टॉवेल असे. म्हणजे कामाचे पाचही दिवस तिने डग्गा मोकळा ऐकलाच नव्हता! जो बोल मुका पडत होता तो टॉवेलखाली सगळ्याच बोलांसोबत मुका होता, मग त्यातला फरक कानाला कळणार कसा? इमारतीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांची ही अगदी खरी अडचण आहे आणि शेजाऱ्यांचा विचार करणे योग्यच आहे. पण वाद्य झाकून केलेला रियाज नेमका कशासाठी उपयोगी आणि कशासाठी घातक, याचा विचार कोणी करत नाही.

दुसरी सवय रविवारच्या बैठकीची. कामाच्या दिवसांत कधी वीस मिनिटे, कधी काहीच नाही, आणि रविवारी सलग तीन तास. मुद्रणात तिसऱ्या तासाचे वादन पहिल्या तासापेक्षा स्पष्टपणे घसरलेले होते. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू ताठरल्याची खूण प्रत्येक बोलात ऐकू येत होती, आणि तरी लय चढवण्याचा प्रयत्न नेमका त्याच तासात होत होता.

तिसरी सवय सर्वांत खोलवर गेलेली, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मूळ तीच. चूक झाली की ती थांबत असे आणि कायदा पुन्हा पहिल्या ‘धाति’पासून सुरू करत असे. मुद्रण ऐकताना हे इतक्या वेळा घडते की ऐकणाऱ्याला ‘धाति धागे नधा तिरकिट’ एवढाच कायदा आहे असे वाटावे. पहिल्या चार मात्रा शेकड्याने वाजत होत्या, शेवटचे पलटे आणि तिहाई (शेवटी तीनदा घेतला जाणारा तुकडा) अख्ख्या बैठकीत जेमतेम एक-दोनदा. आणि अडचणीची जागा? ती दरवेळी चुकीच्या हाताने, पूर्ण वेगात एकदा ओलांडली जात होती, आणि मग हात दुरुस्त करण्याऐवजी सुरुवातीला परतत होता. या पद्धतीने तिने तो मुका ‘धा’ रोज मनापासून घोटला होता. हात जे करतो तेच तो शिकतो. ते बरोबर की चूक, याची निवड तो करत नाही.

हे असे का होते, याचा उलगडा

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा अभ्यास या ठिकाणी फार बोलका आहे. पियानो शिकणाऱ्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविच यांच्या एका रचनेतला अगदी छोटा तुकडा देऊन, हवा तेवढा वेळ सराव करा, उद्या तो ठरलेल्या लयीत वाजवायचा आहे, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशीच्या वादनाचे क्रम लावले तेव्हा सरावाला दिलेला वेळ किंवा तुकडा किती वेळा वाजवला याचा त्या क्रमाशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो बरोबर आणि चूक वादनांच्या प्रमाणाशी. वरच्या क्रमांकाचे वादक चुकत नव्हते असे नाही, तेही चुकले. पण चूक नेमकी कोठे आणि कशामुळे झाली हे शोधून, तेवढीच जागा लय उतरवून वाजवून, ती पक्की केल्यावरच ते पुढे गेले.

तासांची गोष्टही याच प्रकाशात पाहायला हवी. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांवर केलेल्या अभ्यासातून पुढे ‘दहा हजार तास’ हे वाक्य जगभर पसरले. त्यातला तासांचा आकडा लोकांनी उचलला, पण ते तास कसे घालवायचे, हा भाग मागे राहिला. त्या अभ्यासातले उत्तम वादक एकट्याने दिवसाला सुमारे साडेतीन तास वाजवत, पण मध्ये विश्रांती घेऊन, ताजे असताना आणि विशिष्ट त्रुटी समोर ठेवून.

आपल्या परंपरेतल्या कथा ऐकतानाही ही काळजी घ्यावी असे मला मनापासून वाटते. चाळीस दिवसांचा चिल्ला, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा रियाज, या गोष्टी विद्यार्थ्यांना सांगितल्या जातात आणि त्यातून तासांचे दडपण तेवढे उरते. उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यासारखा थोर तबलावादक उस्ताद मुनीर खाँ यांच्या तालमीत लहान वयापासून घडला. त्या तालमीत गुरूचा कान सतत आसपास होता. शिष्याचा बोल बिघडला की आतल्या खोलीतून हाक येत असे, अशीच गुरुगृही राहून शिकण्याची रीत होती. तास मोठे होतेच, पण त्या तासांतली चूक फार काळ चूक म्हणून राहत नसे. आजचा विद्यार्थी आठवड्यातून एकदा वर्गाला येतो आणि उरलेले सहा दिवस एकटा वाजवतो. तेवढेच तास त्याने त्या कानाशिवाय घालवले तर चूकही तेवढीच पक्की होणार. त्या कानाची जागा पूर्णपणे कशानेही भरून निघत नाही, पण काही अंशी ती रोजच्या मुद्रणाने भरता येते.

काय बदलले

सर्वांत आधी वेळ बदलली. घरच्यांशी बोलून कामाच्या दिवशी रात्री आठ ते पावणेनऊ हा वेळ तिने ठरवून घेतला. त्या वेळी इमारतीत सगळ्यांचेच दूरचित्रवाणी संच चालू असतात, तबल्याचे कोणाला काही वाटत नाही. स्वयंपाकाची वेळ त्यासाठी मागे-पुढे करावी लागली. डग्गा मोकळा. रविवारची तीन तासांची बैठक मोडून सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास, एवढीच ठेवली. रोज थोडे वाजवण्याला आणखी एक आधार आहे : २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी बोटांच्या ठरावीक हालचालींचा क्रम शिकवून पाहिला तेव्हा रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणजे आठवड्यातून एकदाच वाजवणारा या झोपेचा फायदा एकदाच घेतो आणि रोज वाजवणारा रोज घेतो.

दुसरा बदल म्हणजे रियाजाचे एकक बदलले. कायदा हे एकक सोडून ‘तिरकिटधा’ एवढाच सांधा घेतला. एका मात्रेत ‘तिरकिट’, दुसऱ्या मात्रेवर ‘धा’, तिसरी मात्रा रिकामी. लय मिनिटाला ६०. ‘ट’ उच्चारताना डावी बोटे वर, हे तोंडाने म्हणत वाजवायचे आणि रिकाम्या मात्रेत ‘धा’चा घुमारा संपेपर्यंत ऐकायचा. विद्यार्थ्यांना असे काम रटाळ वाटते आणि त्यात वेळ फुकट जातो अशी भीती वाटते, म्हणून तिच्यासमोर हिशोब मांडला. १०० च्या लयीत अख्खा कायदा वाजवला तर एक आवर्तन साधारण साडेनऊ सेकंदांचे, त्यात हा सांधा दोनदा, म्हणजे मिनिटाला बारा-तेरा वेळा, आणि तिच्या बाबतीत तेही सगळे चुकलेले. ६० च्या लयीत तीन मात्रांचा सांधा घेतला तर मिनिटाला २० वेळा, आणि सगळे बरोबर. सावकाश वाजवून सांधा अधिक वेळा हाताखालून जातो, हे आकड्यांत पाहिल्यावर तिची घाई बरीच शमली.

सांधा बसू लागल्यावर कायदा शेवटाकडून बांधला. आधी ‘तिना किना’, मग ‘धाति धागे तिना किना’, मग ‘तिरकिट धाति धागे तिना किना’, असे एकेक घटक अलीकडे जोडत. या पद्धतीत वादक नेहमी कच्च्या भागाकडून पक्क्या भागाकडे जातो आणि शेवट कधी उपाशी राहत नाही. पलट्यांचे आणि तिहाईचेही तसेच. चूक झाली तर कायद्याच्या आरंभी जायचे नाही, चुकलेल्या बोलाच्या दोन मात्रा आधी थांबायचे आणि तेथूनच पुढे निघायचे, हा एक नियम तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. बाकीचे सगळे बदल विसरून फक्त हा एक नियम पाळला असता तरी पुष्कळ काम झाले असते, असे माझे मत आहे.

लय चढवण्याचा क्रम असा ठेवला की तीन आवर्तने सलग स्वच्छ निघाली तर चार मात्रांनी पुढे, एक जरी बिघडले तरी चार मात्रांनी मागे. मात्र नुसते सावकाश वाजवून तयारी येत नाही, हेही तितकेच खरे आहे. द्रुत लयीतली हालचाल विलंबित हालचालीची निव्वळ वेगवान प्रत नसते, ती लहान आणि हलकी असते. म्हणून बैठकीच्या मध्यावर, हात ताजा असताना, ‘तिरकिटधा’ एवढेच एकदा १२० च्या लयीत फेकायचे, थांबायचे, हात सैल सोडायचा, पुन्हा एकदा फेकायचे. इतक्या छोट्या तुकड्यात हात ताठरायला अवधीच मिळत नाही.

लोकलमधला वेळ पढंतीला दिला. मनातल्या मनात कायदा, पलटे आणि तिहाई म्हणायची, मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायच्या, आणि ‘ट’ आला की डावा हात उचलला जातो आहे अशी स्पष्ट कल्पना करायची. अल्वारो पास्क्युअल-लिओन आणि सहकाऱ्यांच्या १९९५ मधील प्रयोगात पियानोवरचा बोटांचा एक पाठ काहींनी प्रत्यक्ष आणि काहींनी केवळ मनात घोटला होता. मनात घोटणाऱ्यांचीही प्रगती झाली, प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतकी नाही, पण नंतर एकाच प्रत्यक्ष सत्रात त्यांनी बरेच अंतर भरून काढले. आपल्याकडे पढंतीला जे स्थान आहे ते या दृष्टीने अगदी योग्य आहे. परीक्षेतही हातावर ताल देत बोल म्हणून दाखवावे लागतात, तेव्हा हा वेळ दुहेरी कामी आला.

आणि रोजच्या बैठकीत वाद्य मिळवून झाल्यावर पहिले वादन मुद्रित करायचे, हे ठरले. दिवसाचे शेवटचे वादन नेहमी चांगले असते, ते ऐकून समाधान होते आणि फसगतही होते. हात गार असताना कायदा ज्या लयीत स्वच्छ निघतो तीच आपली खरी लय, असे धरून वहीत तेवढाच आकडा नोंदवला.

पुढचे महिने

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कठीण गेले. वहीतला आकडा ८० वरून ६४ वर उतरला, कारण आता मुका ‘धा’ चूक म्हणून मोजला जात होता. “आधी निदान ऐंशीला तरी वाजत होतं,” असे ती एकदा काहीशा हताशपणे म्हणाली, आणि तिचे दुःख मला समजत होते. जुनी सवय मोडताना हात काही काळ दोन्हीकडचा राहत नाही. या टप्प्यावर पुष्कळ विद्यार्थी जुन्या पद्धतीकडे परत जातात, म्हणून त्या दिवसांत मी तिचे जुने आणि नवे मुद्रण एकापाठोपाठ एक ऐकवत असे. आकडा घसरलेला असला तरी ‘धा’ आता ‘धा’ होता, हे कानाला पटत होते.

एक गोष्ट ठरवल्याप्रमाणे झाली नाही. तीनतालाचा कायदा, झपतालातला कायदा आणि ‘तिरकिट’चा रेला (द्रुत लयीत अखंड वाहणारी बोलरचना) आलटून पालटून, प्रत्येकी काही मिनिटे असे मिसळून वाजवण्याची योजना होती. मिसळून केलेला सराव त्या दिवशी वाईट वाटतो पण नंतर अधिक टिकतो, असे जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगापासून हालचाल-शिक्षणाच्या क्षेत्रात मांडले गेले आहे. सांधा कच्चा असताना मात्र या अदलाबदलीने तिचा गोंधळच वाढला. म्हणून ती थांबवली आणि सांधा ८० च्या लयीत खात्रीने निघू लागल्यावर पुन्हा सुरू केली. त्यानंतर तिचा चांगला उपयोग झाला. हालचालच अजून हाताला कळलेली नसताना ती तीन ठिकाणी वापरायला लावण्यात अर्थ नाही, असे या प्रकरणावरून तरी दिसते.

गणेशोत्सवाच्या सुमारास गार हाताचा आकडा ८८ झाला. मग प्रगती थोडा काळ थबकली आणि दिवाळीपर्यंत तो १०८ वर पोहोचला. बैठकीच्या शेवटी ती १२० ला सहज वाजवत असे, पण वहीत तो आकडा कधी लिहिला गेला नाही. उजव्या हातासाठी वेगळे जोरकस पलटे द्यावेच लागले नाहीत. आठवड्याचा एकूण वेळ आधी साडेचार तासांच्या आसपास असे, नव्या व्यवस्थेत आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस चुकत असल्याने तो सरासरी चार-सव्वाचारवर येई.

आणखी एक परिणाम अपेक्षित नव्हता. डग्गा खरोखर ऐकू येऊ लागल्यावर तिला दाब-घासाची गोडी लागली. ‘धागे’ मधल्या ‘गे’ला मनगटाचा किंचित दाब देऊन नाद वर नेणे, ‘धिना’वर तो सोडून देणे, हे मी सांगण्याआधीच तिच्या वादनात येऊ लागले. कायदा तोच, लय तीच, पण ऐकावासा वाटू लागला. वर्षअखेरच्या सत्रात ती परीक्षेला बसली. गुणांवर इतर अनेक गोष्टींचा प्रभाव असतो, म्हणून निकालाला मी येथे पुरावा मानत नाही.

अजून बाकी असलेले

लयीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. लेहरा (तालाचे आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) वाजवणाऱ्या ॲपसोबत ती स्थिर वाजवते. ॲप मध्येच दोन आवर्तने मुके केले तर ‘तिरकिट’च्या जागी लय अजूनही किंचित पुढे धावते आणि लेहरा परत सुरू होतो तेव्हा तिची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) अर्ध्या मात्रेने आधी आलेली असते. सतत बाहेरच्या लयीवर टेकून केलेल्या रियाजाचा हा परिणाम आहे. त्यासाठी आता चार आवर्तने लेहरा आणि चार आवर्तने शांतता, तोंडाने पढंत चालू ठेवून, असे काम चालू आहे. शांततेचा भाग हळूहळू वाढवायचा आहे.

‘धिरधिर’च्या रेल्यात तळहाताच्या दोन बाजूंचा वापर असल्यामुळे तेथला अडथळा वेगळा आहे आणि तो खरोखर उजव्या हाताचा आहे. शोधण्याची रीत मात्र तीच ठेवली आहे : संथ चित्रण, एक हात वेगळा, मग सांधा.

साथसंगतीचे काम सर्वांत मोठे आहे. गायकासोबत विलंबित एकतालाचा ठेका धरताना चुकलेल्या जागी थांबण्याची मुभाच नसते. चूक गिळून पुढच्या मात्रेवर हजर राहावे लागते, आणि ही सवय सांध्यावर थांबण्याच्या सवयीच्या अगदी उलट आहे. म्हणून रविवारच्या संध्याकाळची बैठक आता एका गाणाऱ्या मैत्रिणीसोबत होते. त्या पाऊण तासात काहीही झाले तरी हात थांबवायचा नाही. काय चुकले ते मुद्रणात ऐकायचे आणि त्यावरचे काम सोमवारी आठ वाजता घ्यायचे.